पश्चिमेच्या भिंतीतली गोचीड

एका रानात एक जुनी विहीर होती. तिचं पाणी कोणी भरत नसे, आणि तिच्या पश्चिमेच्या भिंतीत, दोन दगडांमधल्या फटीत, गोचिडींचं एक मोठं घराणं राहत असे.

नाक मुरडू नका, मुलांनो. सिंहाची गोष्ट सांगितली की टाळ्या, हरणाची सांगितली की डोळ्यांत पाणी, आणि गोचीड म्हटलं की शी. एकटं पडणं काय फक्त हरणालाच कळतं? गपचूप ऐका.

गोचीड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे येते ती गाईच्या कानात एरंडाच्या बीसारखी टम्म फुगून बसलेली. ती एकदा पोटभर पिते, खाली पडते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. तिची गोष्ट तेवढीच. विहिरीतल्या या गोचिडी निराळ्या. अंगाने मऊ, चपट्या, सुरकुतलेल्या. जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा दिसावा तशा. यांचं सगळं थोडं थोडं चालतं. अंड्यातून पोर बाहेर येतं तेव्हा त्याला पाय सहा. ते पोर पारव्याच्या पंखाखाली जाऊन चिकटतं, बरेच दिवस तिथेच राहतं आणि पारवा नेईल तिथे जातं. मग गळून पडतं, एखाद्या फटीत शिरतं, कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. त्यानंतर मात्र पक्ष्याच्या अंगावर मुक्काम नाही. दिवसभर फटीत एकमेकींना खेटून पडायचं, तिन्हीसांजेला पारवे डोळे मिटायला लागले की बाहेर यायचं, जरा वेळ प्यायचं आणि परत. प्यायलं की कात, पुन्हा प्यायलं की पुन्हा कात, असं होत होत मोठेपण. आणि मोठेपणी प्रत्येक पिण्यामागे थोडीशी अंडी. पिणं नाही तर अंडीही नाहीत. हे नीट ध्यानात ठेवा, गोष्ट इथेच अडते.

या घराण्यात जी सर्वांत म्हातारी होती तिला सगळ्या थोरली म्हणत. थोरलीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ती पोरांना सांगायची, "पारवा हा पाहुणा. पाहुणा येतो आणि आपण घरी असतो. आपण कुणाच्या दारी जात नाही." आता बघा, घरटं पारव्याचं, ऊब पारव्याची, रक्त पारव्याचं, आणि यजमान म्हणे या. पण फटीत कुणाला हसू आलं नाही. लहानपणापासून तेच कानावर पडलेलं असलं की माणसालाही येत नाही.

सर्वांत नवी होती धाकटी. तिने शेवटची कात टाकली होती, तिचं लग्नही लागलं होतं. आता एकदा पोटात रक्त गेलं की तिला पहिली अंडी होणार होती. फटीतल्या बायकांनी तिला आपल्यामध्ये जागा करून दिली, एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला तिची जाऊ मधली. जागा मिळणं म्हणजे मोठा मान. अंगाला अंग लागलं की त्या जातीला आपण घरी आहोत असं वाटतं, आणि त्या दिवशी धाकटीला दोन्ही बाजूंनी वाटलं.

नेमक्या त्याच संध्याकाळी पारवे आले नाहीत.

काही दिवसांपूर्वी विहिरीत एक धामण उतरली होती. तिने एका घरट्यातली अंडी खाल्ली आणि ती निघून गेली. पारवे तेव्हा नुसते ओरडले होते, गेले नव्हते. मग एका सकाळी ते उडाले आणि संध्याकाळी समोरच्या, पूर्वेच्या भिंतीत जाऊन बसले. थोरलीने लगेच सांगून टाकलं की पाहुणे धामणीला भ्याले, भीती सरली की येतील. "तोवर पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. हललं की जीव खर्च होतो."

उपास या जातीला जमतो. तुम्ही एका एकादशीला तीनदा साबुदाणा खाता. या गोचिडी वर्षानुवर्षं काही न खाता राहू शकतात. हीच त्यांची ताकद, आणि यातच त्यांचा घात झाला.

त्या पडून राहिल्या. पाऊस आला, पाणी वर चढलं, दगड ओले झाले, पाणी खाली गेलं, शेवाळ वाळून तपकिरी झालं. पुन्हा पाऊस आला. धाकटी दोघींच्यामध्ये चपटी होत गेली. रोज दिवस कलला की पूर्वेच्या भिंतीत पारवे घुमायला लागत आणि ते घुमणं दगडादगडातून फिरत तिच्या पोटाखाली येऊन पोचे. पोटातलं सगळं तेव्हा जागं होई. अंडी नव्हतीच अजून, पण अंड्यांची जागा होती, आणि ती रिकामी जागा दुखे. तिला वाटे, आज येतील. मग घुमणं थांबे. पारवे तिकडेच झोपत.

कधी कधी तिला राहवत नसे. ती अगदी हळू विचारी, "थोरल्या बाई, जाग्या आहात ना?" उत्तर येत नसे. बोलायचं नाही हा नियम थोरलीनेच घातलेला, तेव्हा ती तरी कशी बोलणार? धाकटीला आपलीच लाज वाटे. एवढ्या सगळ्या जणी तोंड मिटून धीराने पडल्या आहेत आणि आपल्यालाच काय तेवढी घाई. मग ती मधलीकडे जरा सरके. मधलीचं अंग तिच्या अंगाला लागे. फटीत सगळ्यांचा ओळखीचा वास भरून असे. त्या वासावर धाकटीने किती पावसाळे काढले, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी त्या फटीत एक काळी मुंगी शिरली. मुंग्यांचं तुम्हाला माहीतच आहे, कोणाच्या घरात शिरायला त्यांना आमंत्रण लागत नाही. वाटेत काही सुकं, ओढून नेण्यासारखं मिळतं का ते बघत ती आली आणि तिने सरळ मधलीचा पाय दातांत धरून ओढायला सुरुवात केली.

"सोड तिला," धाकटी म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. "माझी जाऊ आहे ती."

मुंगी दचकून मागे सरली. या ढिगात कोणी बोलेल असं तिला वाटलंच नव्हतं. मग तिने धाकटीकडे एकदा, मधलीकडे एकदा पाहिलं आणि मधलीला पाय लावला. मधली कलली. मुंगीने अजून जरा ढकललं तशी ती फटीच्या तोंडाशी गेली, वाऱ्याने उचलली आणि गिरक्या घेत खाली पाण्यावर पडली. बुडाली नाही. तरंगत राहिली.

धाकटी बघत होती. आता पाय हलवेल, आता आवळून घेईल, असं वाटत होतं.

"बाई," मुंगी म्हणाली, "ते टरफल होतं."

मुंगी तशी तोंडाने फटकळ, पण वाईट नव्हती. ती फटीत आत गेली आणि आपल्या मिशांनी एकेकीला ठोकून पाहू लागली. प्रत्येक ठोक्याला आतून कोरडा आवाज येत होता, वाळलेल्या शेंगेसारखा. मुंगी नुसती पुढे सरकत होती. शेवटी ती थोरलीपाशी आली.

"त्यांना हात लावू नकोस," धाकटी म्हणाली.

मुंगीने लावला. तोच आवाज आला.

मग धाकटीने विचारलं, "कधीपासून?"

"मला काय विचारतेस? शेजारी तू होतीस."

हे ऐकून धाकटीला काय वाटलं असेल ते मी सांगत बसत नाही. तुम्हीच विचार करा. हलायचं नाही, बोलायचं नाही, असं ठरवून बसलेल्या घरात कोण वाट पाहतंय आणि कोण कधीचं संपलंय, हे कळायचं कसं? दोघी सारख्याच दिसतात. आणि वास, तो तर मेल्यावरही तसाच राहतो.

मुंगीने जाता जाता सांगितलं की ती पूर्वेच्या भिंतीकडूनच आली आहे, तिकडे पारव्यांची घरटी आहेत, एका घरट्यात पिल्लंही आहेत, चालायला लागलीस तर पोचशील. धाकटी म्हणाली, "आमच्यात कुणाच्या दारी जात नाहीत."

मुंगीने मागे वळून त्या ढिगाकडे पाहिलं. "आमच्यात म्हणजे कुणात?" असं विचारून ती आपल्या वाटेने गेली. थांबून उत्तर ऐकण्याइतका वेळ मुंगीकडे कधी असतो?

तुम्हाला वाटेल की धाकटी लगेच निघाली. नाही निघाली. ती आणखी काही दिवस तिथेच पडून राहिली, एका बाजूला थोरली आणि दुसऱ्या बाजूला मधलीची रिकामी जागा. वास अजून सांगत होता, सगळ्या घरी आहेत. तिला आता माहीत होतं की कोणी नाही, तरीही वास खरा वाटत होता. कळणं आणि उठणं यांत बरंच अंतर असतं. पण एका संध्याकाळी पारवे घुमायला लागले आणि तिने पाय उचलून पाहिला, तर तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा सावकाश उठला. तेव्हा ती खरी घाबरली. अजून थोडे दिवस गेले तर हा उठणार नाही, आणि या घराण्याचं शेवटचं अंडं अंडं होण्याआधीच तिच्या पोटात वाळून जाईल. मुंगी पुन्हा येईल आणि ठोकून बघेल, आणि तेव्हा बोलणारं कोणी नसेल.

ती निघाली. निरोप घ्यावा असं कोणी नव्हतं.

तुमच्या पायांनी त्या विहिरीला फेरी मारायची म्हटली तर एक गोळी चघळून होईपर्यंत होते. तिला ती अर्धीच फेरी मारायची होती, पण तिच्यासारखीला तो मुलूख ओलांडणं होतं. तिची जात फटीतली. उघड्यावर चालणं तिच्या अंगात नव्हतं. उजेड आला की ती मिळेल त्या सावलीत शिरे. विहिरीच्या भिंतीत एक उंबर उगवला होता, त्याच्या मुळीखाली तिने एक अख्खं ऊन काढलं. तिथे एक कोळी बसला होता. तो उडी मारून तिच्या अंगावरच आला, त्याने तिला उलटं केलं, सुलटं केलं आणि सोडून दिलं.

"काही नाही तुझ्यात," तो म्हणाला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.

जीव वाचला तरी हे ऐकायला बरं वाटत नाही. ती तशीच पुढे सरकत राहिली. चालता चालता तिच्या लक्षात आलं की तो ओळखीचा वास आता येत नाही. मागे वळली असती तर पुन्हा आला असता. ती थांबली खरी. मग पुढून ऊब आली, पिसांची आणि पिल्लांची, आणि ती चालू लागली.

पूर्वेच्या भिंतीत पोचली तेव्हा दिवस मावळला होता. एका खोबणीत काड्यांचं घरटं होतं, त्यात पारवी दोन पिल्लं पोटाखाली घेऊन बसली होती. अंधार पडला की पारव्यांना दिसत नाही. धाकटीने गुपचूप वर चढून प्यायलं असतं तर कळायचंही नाही. तिच्या घराण्यात आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं. पण इतकी वर्षं गप्प राहून झाल्यावर तिला आता गप्प राहणं नको झालं होतं.

"मी पश्चिमेच्या भिंतीतली आहे," ती घरट्याच्या काठावरून म्हणाली. "आम्ही तुमची फार वाट पाहिली."

पारवीचं अंग ताठ झालं. तिने पिल्लं आणखी आत ओढली. "तुम्ही म्हणजे किती जणी?"

"आता मी एकटीच."

पारवीने मान वळवली. धाकटीला वाटलं, तिला वाईट वाटलं असेल. म्हणून ती पुढे सांगू लागली, की धामण तर तेव्हाच निघून गेली होती, तुम्ही उगाच भ्यालात, परत आला असतात तर आमचं घर असं संपलं नसतं.

"धामण?" पारवी म्हणाली. "धामण एकटी होती, एकदा आली आणि गेली. धामणीला भिऊन कोणी घर सोडतं का? आम्ही तुम्हाला भिऊन गेलो. तिथल्या माझ्या पिल्लांच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. मान वर धरता येत नव्हती त्यांना. मी रोज चारा आणायची आणि तो तुमच्या पोटात जायचा. एका सकाळी दोघं गार झाली होती, तेव्हा निघालो."

धाकटीने त्या पिल्लांना पाहिलेलं होतं. कात टाकण्याआधी तीही त्यांच्यावर प्यायली होती. थोरलीने तेव्हा सांगितलं होतं की पाहुणा भला आहे, प्या पोटभर.

तिला पुष्कळ बोलायचं होतं. आपण कुणाच्या दारी जात नाही, पाहुणा येतो, हे ज्या फटीत ऐकलं ती फट आता कोरड्या टरफलांनी भरली आहे, हे सांगायचं होतं. त्यांतलं काही तिने सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मला एकदाच हवं आहे. तुमच्या पिल्लांचं नको. तुम्ही नाही म्हणालात तर मी खाली उतरेन."

"दिवस असता तर मी तुला चोचीने वेचून फेकलं असतं," पारवी म्हणाली. ती खरं बोलत होती. "पण विचारून प्यायला आलेली तुमच्यातली मी पहिलीच पाहते. ये पंखाखाली. पिल्लांकडे तोंड वळवायचं नाही. आणि ऐक, या भिंतीत पुन्हा तुमचा तसा वास यायला लागला तर मी ही भिंतही सोडीन. मग बसा वाट पाहत."

धाकटी प्यायली. जरा वेळच प्यायली. पोट पुरतं भरण्याआधी सुटून खाली उतरली, आणि जवळच्या एका फटीत शिरली. ती फट कोरी होती. आत कोणी नव्हतं, कोणी कधी नव्हतं, कशाचा वास नव्हता. अशा फटीत तिची जात कधी पाय ठेवत नाही. तिने ठेवला. काही दिवसांनी तिथे तिने अंडी घातली, थोडीशीच, तपकिरी, खसखशीच्या दाण्यांसारखी, आणि ती त्यांच्यापाशी बसून राहिली.

पोरं बाहेर आली. सहा पायांची, घाईची. त्यांना तिने जे सांगितलं ते तिच्या घराण्यात आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पारवा पाहुणा नाही, पाहुणे आपण आहोत. एकाच पक्ष्यावर सगळ्यांनी बसायचं नाही. पोटभर प्यायचं नाही. आणि शेजारीण बोलेनाशी झाली तर तिला हलवून बघायचं, नियम कोणीही घातलेला असो. पोरांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती एकेक करून वर चढली आणि वेगवेगळ्या पारव्यांच्या पंखाखाली गेली.

एक मात्र मागे राहिलं. ते तिच्याजवळ आलं आणि तिच्या अंगाला खेटून बसलं. त्याचं अंग मऊ होतं, ऊन होतं, आणि हलत होतं. धाकटीने हलणारं अंग कितीतरी पावसाळ्यांनी अनुभवलं. दुसरं काही तिला जगात नको होतं. ती बराच वेळ तशीच राहिली.

मग ती बाजूला सरकली.

"इथे खायला काही नाही," ती म्हणाली. "वर जा."

पोराला जायचं नव्हतं. तिने त्याला हळूच ढकललं. ते दोनदा मागे आलं, तिसऱ्यांदा वर चढलं. उजाडताच पारवे पंख फडफडवत विहिरीच्या तोंडातून बाहेर पडले, कोणी रानाकडे, कोणी माळाकडे, कोणी दूरच्या टेकडीकडे. पोरं त्यांच्याबरोबर गेली. सगळीच काही या विहिरीत परत उतरणार नव्हती. धाकटी फटीच्या तोंडाशी येऊन बसली होती. उजेड तिला सहन होत नव्हता, तरी शेवटचा पारवा दिसेनासा होईपर्यंत ती आत गेली नाही.

तात्पर्य : आपलं घर सोडून गेलेल्याची वाट पाहण्याआधी तो का गेला हे स्वतःला विचारावं, आणि बोट आपल्याकडे वळलं तर मान खाली घालून त्याच्या दारी आपण जावं; नुसती वाट पाहण्याने घराची टरफलं होतात.